वाकड्या धुरांड्याची बोट

आमच्या दुकानात काय खपतं आणि काय खपत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. लढाऊ विमान खपतं. पंखाखाली बॉम्ब असले तर जास्त खपतं, आणि खोक्यावरच्या चित्रात मागे आग लागलेली असली तर विचारूच नका. रणगाडा खपतो, नळी जितकी लांब तितका जास्त. शर्यतीची लाल गाडी खपते. तीच गाडी, तोच साचा, निळ्या रंगात आली की धूळ खात बसते. अँब्युलन्स खपत नाही. मालवाहू जहाज खपत नाही. प्रवासी विमान फक्त वैमानिकाचे नातेवाईक घेतात, आणि दुधाचा टँकर कुणाचेच नातेवाईक घेत नाहीत. जे आपल्याला जन्मात चालवायला मिळणार नाही तेच माणसाला टेबलावर हवं असतं, असं माझं मत होतं. नऊ वर्षं हे मत घेऊन मी त्या दुकानात बसले.

मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. तिच्याबद्दल सांगण्याआधी दुकानाबद्दल सांगते, म्हणजे माझ्या पोटात का दुखलं ते कळेल. दुकान सासऱ्यांचं, त्यांना आम्ही बाबा म्हणतो. प्लॅस्टिकच्या मॉडेलांची किटं विकतो. खोक्यात चौकटींना लगडलेले शे-दोनशे सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की तळहाताएवढं अगदी खऱ्यासारखं विमान तयार होतं. बाबांना या सगळ्याचं भारी वेड, पण त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे ते स्वतः कधी काही बनवत नाहीत. त्यांच्या दोन्ही मुलांना यात काडीचा रस नाही. आमचे हे बस चालवतात आणि धाकटे भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणजे दुकान आलं सुनेच्या गळ्यात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

दुकानाच्या दर्शनी बाजूला काचेची शोकेस आहे. रस्त्यावरून येणारा-जाणारा आधी तीच बघतो. तिला एकच किल्ली, आणि ज्याच्याकडे किल्ली त्याने ठरवायचं, आत काय लागणार. लग्न होऊन मी आले त्याच वर्षी बाबांनी ती मला दिली. एक-दोन मॉडेलं केली होती मी तोवर. माझा हात बघूनच दिली असणार, दुसरं काय कारण? तेव्हापासून ती माझ्या चष्म्याच्या दोरीला, चष्म्याबरोबर गळ्यात. आमचे हे म्हणायचे, "शोकेसचीच किल्ली ना ती? बँकेच्या तिजोरीची असल्यासारखी मिरवतेस." मिरवतेच मी. अजून काय होतं मिरवायला?

आणि हात माझा होताच तसा. दोन भाग जोडले की मधली रेघ दिसली नाही पाहिजे, हा माझा नियम. पुट्टी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे मी चार केसांच्या ब्रशने रंगवते. शोकेससमोर माणसं दहा-दहा मिनिटं उभी राहायची. एक दंतवैद्य आहेत, पलीकडच्या गल्लीत त्यांचा दवाखाना आहे. ते दर शनिवारी येऊन काचेला नाक लावायचे. "वा! काय हात आहे तुमचा, वहिनी!" म्हणायचे, एक गोंदाची ट्यूब घ्यायचे आणि जायचे. किट मात्र क्वचित. मी म्हणायचे, दात काढून थकत असतील बिचारे.

धाकटी दोन वर्षांपूर्वी आली. हसरी, बडबडी, आणि वस्तू पाडण्यात पटाईत. पहिल्या आठवड्यात तिने काउंटरवरच्या रंगाच्या बाटल्यांची अख्खी रांग ओळीने खाली आणली. बाबा हसले. मी पाडली असती तर हसले असते का, असं माझ्या मनात आलं. मग मी स्वतःलाच सांगितलं की मी पाडलीच नसती.

महिनाभराने ती म्हणाली, "ताई, मीही एखादं करून बघू? तुमच्याजवळ बसून?"

"माझ्याजवळ कशाला? घरी कर," मी म्हणाले, आणि शिडीवर चढून सगळ्यात वरच्या फळीवरून एक खोकं काढून दिलं. टगबोट. बंदरात मोठ्या जहाजांना ओढत नेते ती बुटकी बोट. आठ खोकी नऊ वर्षं पडून होती, एकही गेलं नव्हतं. खोक्यावर ना आग, ना धूर, नुसती करड्या पाण्यात उभी असलेली करडी बोट. बिघडली तरी नुकसान नाही, असा माझा हिशेब.

बिघडली? अहो, बिघडवून आणली तिने. धुरांडं एका बाजूला कललेलं. केबिनच्या छतावर अंगठ्याचा ठसा, अगदी ओळखता येईल असा. कठड्याला गोंदाची तार लोंबत होती, झेंडा उलटा. आणि ही बया ते दोन्ही हातांत धरून उभी, जणू काय अख्खं जहाज बांधून आणलंय.

"कशी आहे, ताई?"

माझ्या डोक्यात तेव्हा एक विचार आला, आणि तो काही चांगला नव्हता. मी शोकेस उघडली, माझं दोन पंखांचं विमान मधल्या फळीवरून उचललं आणि तिथे ती बोट ठेवली. आतला दिवाही तिच्यावर नीट वळवला. बघू दे म्हटलं सगळ्यांना. बाबांनाही दिसू दे, धाकटीचे हात कसे आहेत ते. उद्या तीच लाजून काढायला सांगेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आल्या, म्हणाल्या, "ती बोट आहे का, शोकेसमधली?" मला वाटलं चेष्टा करतायत. दुपारी दोन कॉलेजची मुलं आली, एकाने घेतली, दुसऱ्यानेही घेतली. एक निवृत्त शिक्षक बोटीकडे बघून मोठ्याने हसले, आणि हसत हसत खोकं काखेत मारून गेले. शनिवारी दंतवैद्य आले आणि शेवटचं, सातवं खोकं घेऊन गेले. नऊ वर्षांत एक नाही, आणि सहा दिवसांत सात!

बाबांनी लगेच आणखी वीस मागवली. तीही गेली. मग बाबा धाकटीला म्हणाले, "पोरी, आता तो दुधाचा टँकर करून बघ." मी तोंड वाकडं केलं. दुधाचा टँकर! तिने तो केला, चारातलं एक चाक जमिनीला टेकतच नव्हतं, आणि तो खपला. अँब्युलन्स खपली. मालवाहू जहाज खपलं. माझी नऊ वर्षांची मतं एकेक करून पिशवीत घालून गिऱ्हाईकं नेत होती, आणि मी तिथे बसून पिशव्यांना गाठी मारून देत होते.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तिचं हसणं खुपायचं. घरी बाबा जेवताना विचारायचे, "धाकटे, तुला काय वाटतं, पुढे काय मागवू?" पूर्वी हे मला विचारायचे. मी ताटाकडे बघत बसायचे आणि मनात म्हणायचे, विचारा, तिलाच विचारा, तिला एकास बहात्तर हे मॉडेलाचं प्रमाण म्हणजे काय तेही धड माहीत नाही. एकदा मी हे मोठ्यानेच बोलले. धाकटी खळखळून हसली आणि म्हणाली, "खरंच नाही हो माहीत, ताई. सांगा ना." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

शेवटी मी ठरवलं, वाकडंच करायचं ना, मग आपणही वाकडं करू. एक प्रवासी विमान घेतलं. रेघा घासल्या नाहीत. शेपूट मुद्दाम कलती बसवली. अंगठ्याला गोंद लावून पंखावर टेकवला. ठसा उठला, पण तोही मेला नेमका मध्यभागी. ते शोकेसमध्ये ठेवलं आणि वाट बघितली. पंधरा दिवसांत एक खोकं गेलं नाही.

दंतवैद्यांनी काचेतून बघितलं आणि आत येऊन काळजीने विचारलं, "वहिनी, ते विमान पडलं का हो कुठे?"

मी चिडले. म्हटलं, "डॉक्टर, एक विचारते, खरं सांगा. सहा वर्षं तुम्ही माझी मॉडेलं बघून वा-वा करता आणि गोंद घेऊन जाता. त्या फेंगड्या बोटीत काय बघितलंत, की लगेच खोकं उचललंत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "रागावणार नसाल तर सांगतो. तुमचं विमान बघितलं की मी घरी जाऊन माझं अर्धवट विमान कपाटात आणखी मागे सरकवतो. वाटतं, आपल्याच्यानं हे व्हायचं नाही. ती बोट बघितली आणि वाटलं, अरे, एवढं तर मला जमेल! याहून बरंच जमेल."

आणि गोंदाची ट्यूब घेऊन गेले.

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे आग, धूर, लाल, निळा, लांब नळी, हे सगळं बाजूला. अकरा वर्षं मी त्या काचेत बसवत होते ते काय होतं? गिऱ्हाईकांना परत पाठवणारी पाटी! जितकं सुंदर करायचे तितकी जास्त माणसं बघून परत जात होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. ताकास तूर लागू दिली नाही. सांगून काय, धाकटीच्या गळ्यात आणखी एक हार घालायचा?

सुट्ट्यांना अजून दोन महिने होते, तेव्हाच बाबांनी एक मोठी ऑर्डर दिली. पाण्यावर उतरणारं विमान, नारिंगी, पायांच्या जागी दोन तरंगती होडकी. चाळीस खोकी आली. या धंद्यात कंपन्या जुने साचे नव्या खोक्यात घालून पुन्हा पुन्हा विकतात, आणि हे खोकं नवं असलं तरी साचा मला कुठेतरी ओळखीचा वाटला. पण तिकडे नीट लक्ष द्यायला माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, कारण खोकी लावता लावता बाबा हळूच म्हणाले होते, "थोरले, हे धाकटीला करू दे. आणि ही चाळीस गेली ना, की किल्ली तिच्याकडे राहू दे. तिचा हात लागला की माल हलतो. तू समजूतदार आहेस."

समजूतदार! हा शब्द ज्याने शोधला त्याच्या घरी थोरली सून नसावी. माझा हात गळ्यातल्या दोरीकडे गेला. मी म्हटलं, "बरं." मागे जाऊन माझ्या टेबलाशी बसले आणि एक तास एक पंख घासला. घासून घासून त्याचं टोकच उडालं.

दीड महिन्याने, एका दुपारी धाकटी बुटांचं खोकं छातीशी धरून आली. दुकानात आम्ही दोघीच होतो. खोकं तिने माझ्या टेबलावर ठेवलं, झाकण काढलं आणि दोन पावलं मागे सरकली.

आत नारिंगी विमान होतं. मी ते उचललं, खिडकीपाशी नेलं, भिंगाखाली धरलं. जोडाची रेघ नव्हती. मी दुसऱ्या बाजूने बघितलं. तिथेही नव्हती. होडक्यांच्या तारा ताठ, दोन्ही सारख्या. खुर्चीला पट्टे होते. ठसा शोधला, मिळाला नाही.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच. तुम्ही जेवायला घरी जाता ना, तेव्हा रोज इथे बसायचे. तुम्ही टाकून दिलेले भाग घेऊन सराव करायचे. तुमची विमानं भिंगातून बघायची, कुठे कसं घासलंय ते. रागावू नका, सगळं जागच्या जागी ठेवत होते." तिने झाकण छातीशी धरलं. "कसं झालंय, ताई?"

आता माझ्या मनात काय काय आलं ते सांगते, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिलं आलं ते हे, की मला जिथे पोचायला तीन वर्षं लागली तिथे ही माझं उष्टं प्लॅस्टिक घेऊन पोचली. मी विमान खालीच ठेवलं. आणि लगेच त्याच्यामागून दुसरं आलं. हे शोकेसमध्ये लागलं, की एक खोकं हलणार नाही. चाळीसच्या चाळीस इथेच राहतील. किल्ली माझ्याच गळ्यात राहील. मला खोटं बोलायचीही गरज नाही. खरं तेवढं बोलले की झालं.

"उत्तम झालंय," मी म्हणाले. "कुठेही बोट ठेवायला जागा नाही. आजच लाव."

ती रडायला लागली. हमसून हमसून. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या एकाही गोष्टीला चांगलं म्हणाला नाहीत."

"अगं, तुझी तर धडाधड खपतात," मी म्हणाले. माझ्या आवाजातली मिरची मलाच लागली.

"खपतात, पण हसून घेतात. मला कळत नाही का? त्या शिक्षकांनी बोट बघून काय म्हटलं माहितीये? हे तर माझी नात डोळे मिटून करेल. तुमच्या विमानासमोर माणसं गप्प उभी राहतात, ताई. मी काउंटरमागून बघत असते. माझ्यासमोर कधी कुणी असं उभं राहिलेलं नाही. किती जळायचे मी तुमच्यावर!"

ही माझ्यावर जळत होती! शोकेस उघडली, बोट काढली, नारिंगी विमान मधल्या फळीवर ठेवलं आणि दिवा वळवला. दुसऱ्यांदा मी तिच्यावर दिवा वळवत होते, आणि दोन्ही वेळा मनात तेच होतं.

झालंही अगदी तसंच. माणसं थांबायची, बघायची, म्हणायची, "वा!" आणि जायची. दहा दिवसांत एकही खोकं गेलं नाही. धाकटी पहिले चार दिवस हवेत होती. कुणी "वा" म्हटलं की माझ्याकडे बघायची. पाचव्या दिवसापासून ती खोक्यांच्या राशीकडे बघायला लागली. आठव्या दिवशी तिने एक खोकं घरी नेलं आणि दहाव्या दिवशी दुसरं विमान आणलं. मुद्दाम वाकडं केलेलं. पंखावर ठसा होता. अगदी मध्यभागी.

"जमत नाही आता," ती म्हणाली. "मला काय झालंय, ताई?"

मला माहीत होतं काय झालंय. मी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मी बाबांना म्हटलं, "चाळीसातलं एक गेलेलं नाही. किल्ली माझ्याकडेच राहू दे आता, नाही का?" बोलायला जितकं गोड वाटेल असं वाटलं होतं तितकं वाटलं नाही.

"राहू दे," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "तू तिला उत्तम म्हणालीस ते तिने मला सांगितलं. चारदा सांगितलं." मी मान खाली घातली. त्यांनी काउंटरखालच्या कप्प्यात हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कागद पिवळा पडला होता. त्यांच्या थरथरत्या हातांना सुतळी सुटेना, म्हणून मीच सोडली.

आत पाण्यावर उतरणारं विमान होतं. नारिंगी रंग कुठे दाट, कुठे पातळ. एक होडकं पुढे, एक मागे. वैमानिकापुढच्या काचेवर गोंदाच्या वाफेची धुरकट झाक बसलेली. शेपटीवर अंगठ्याचा ठसा.

"हे कुणाचं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच ओळखलं. माझ्या लग्नानंतरचं, माझं पहिलं. साचा ओळखीचा का वाटत होता तेही आत्ता कळलं.

"हे शोकेसमध्ये होतं तेव्हा एका महिन्यात पन्नास गेली होती," बाबा म्हणाले. "तुला किल्ली का दिली असं वाटत होतं तुला? तुझा हात लागला की माल हलायचा. म्हणून तर हेच किट पुन्हा मागवलं."

"आणि मग?"

"मग तू शिकलीस. खप बसला."

"मग मला सांगितलं का नाहीत? अकरा वर्षं! किल्ली काढून का नाही घेतलीत?"

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती नीट बसेना, पुन्हा घातली. "तू त्या टेबलाशी बसलीस की खुशीत दिसायचीस," ते म्हणाले. "या घरात आल्यापासून दुसरीकडे कुठे तशी दिसली नव्हतीस. दुकान काय, चाललं कसंबसं."

मी तिथल्या स्टुलावर बसले. अकरा वर्षं मी समजत होते की दुकान माझ्या हातावर चाललंय. दुकान मला सांभाळत होतं, बाबा सांभाळत होते, आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. आणि मला दहा दिवस एका पोरीचा आनंद सहन झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी लवकर येऊन शोकेस उघडली. धाकटीचं विमान वरच्या फळीवर, जिथे बोटीनंतर माझी विमानं असायची तिथे ठेवलं. मधल्या फळीवर, खोक्याला टेकवून, माझं ते पहिलं वाकडं विमान ठेवलं. धाकटी आली, काचेतून बघून म्हणाली, "हे कुठून आणलंत?" मी म्हटलं, "होतं घरात." तेवढ्यात दंतवैद्य आले, मागच्या शनिवारी गावाला गेल्यामुळे त्यांची फेरी चुकली होती.

बराच वेळ ते वरच्या फळीसमोर उभे राहिले. गप्प. मग आत आले.

"वा!" ते म्हणाले. "वहिनी, कमाल केलीत. इतकी वर्षं बघतोय, पण हे सगळ्यात भारी. काय हात आहे तुमचा! आणि ते खालचं धाकट्या वहिनींचं ना? बघताक्षणी ओळखलं."

धाकटी काउंटरमागे उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. ती काही बोलणार नव्हती, हे मला कळलं. मी नुसतं "हो" म्हटलं असतं, नव्हे, नुसती हसले असते, तरी चाललं असतं. तो "वा" माझा झाला असता आणि ते वाकडं विमान तिचं. आणि तोंडात "हो" आलंच होतं, खोटं कशाला बोलू.

"उलटं बोललात, डॉक्टर," मी म्हणाले. "वरचं हिचं आहे. खालचं वाकडं माझं."

"तुमचं?"

"माझंच. पहिलं. ठसा बघा हवा तर, जुळवून देते."

ते पुन्हा बाहेर गेले आणि या वेळी मधल्या फळीसमोर वाकले. बरेच वाकले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. "म्हणजे तुम्हीसुद्धा," ते म्हणाले, आणि खिशातून पाकीट काढलं. "बरं, एक द्या त्यातलं. नाही, दोन द्या."

धाकटी खोकी काढायला वळली. राशीतलं वरचं खोकं तिच्या हातून निसटून खाली पडलं, त्याच्यावर दुसरं पडलं, आणि ती पडलेली खोकी तशीच टाकून वरच्या फळीकडे बघत उभी राहिली. आत्ता "वा" म्हटलं गेलं ते आपल्याला होतं, हे तिच्यापर्यंत तेव्हा कुठे पोचत होतं. ते बघून माझ्या पोटात दुखलं. दुखलंच. ते काही एका दिवसात जाणार नाही, आणि गेलं असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका.

दंतवैद्य गेल्यावर मी गळ्यातून दोरी काढली आणि किल्ली तिच्यापुढे धरली. "घे," म्हटलं. "आणि उद्यापासून जेवणाच्या वेळी चोरून बसू नकोस. माझ्यासमोर बस. पुट्टी तू फार दाट कालवतेस."

चष्मा त्याच दोरीला होता, म्हणून समोरचं सगळं पुसट दिसत होतं. दुसरं काही नाही.